आईसलँड युरोपियन संघात का जात नाही? उत्तर मला एका गेममध्ये मिळालं

लोसेकचा_पुणेकर

मंडळी, हा धागा राजकारणात टाकावा की विरंगुळ्यात हे ठरेना, शेवटी इथे टाकतोय. संपादकांनी हवा तिकडे हलवावा.

गेली सात वर्षं मी ईव्ह ऑनलाइन खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रेकयाविकच्या सीसीपी नावाच्या कंपनीने २००३ मध्ये काढलेला अंतराळातला गेम. चीन सोडला तर जगभरचे खेळाडू एकाच विश्वात असतात, वेगवेगळे सर्व्हर नाहीत. खेळाडू मिळून कॉर्पोरेशन काढतात, अनेक कॉर्प मिळून अलायन्स होते. जहाजं, खाणी, बाजार, कर, फितुरी, सगळं खेळाडूच करतात. माझ्या बायकोच्या मते ही अंतराळाचं चित्र लावलेली एक्सेल शीट आहे आणि ते अगदीच खोटं नाही.

आमच्या कॉर्पचा सीईओ आईसलँडचा आहे. वेस्टमन बेटांवर वाढलेला, आता रेकयाविकला नोकरी करतो. (गेमचं घड्याळ आणि त्याच्या घरचं घड्याळ एकच वेळ दाखवतं, त्यामुळे हा मनुष्य कधी उशिरा येत नाही. आम्हीच साडेपाच तास मोजत बसतो.) परवा खाणकाम चालू असताना मी त्याला सहज विचारलं, तुम्ही शेंगेनमध्ये (पासपोर्ट न दाखवता फिरायच्या युरोपीय व्यवस्थेत) आहात, १९९४ पासून युरोपच्या सामायिक बाजारात आहात, नाटोचे तर १९४९ पासूनचे संस्थापक सदस्य. मग युरोपियन संघाशी एवढं वाकडं का? राष्ट्राभिमान वगैरे काही ऐकायला मिळेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मागच्या वर्षी त्या मोठ्या अलायन्सचं बोलावणं आलं तेव्हा तू काय मत दिलं होतंस?"

मी 'नको' म्हटलं होतं. आमच्या भागात एक चांगला चंद्र आहे, त्यावर आमची रिफायनरी. ठरावीक दिवसांनी चंद्राचा तुकडा फुटतो, सगळे मिळून खणतो आणि कॉर्पचा सगळा खर्च त्यातून निघतो. अलायन्सच्या अटी वरकरणी उत्तम होत्या. लढाईत जहाज गेलं तर भरपाई मिळणार, मोठ्या ताफ्याचं संरक्षण मिळणार, त्यांच्या रस्त्यांवरून ये-जा करता येणार. फक्त त्यांच्याकडे पद्धत अशी की चांगले चंद्र अलायन्सच्या ताब्यात जातात आणि मग वाटप होतं. "वाटपात तुमचा वाटा आधीइतकाच राहील" असं त्यांच्या माणसाने सांगितलं होतं. मी विचारलं होतं, पुढच्या वर्षी वाटप कोण ठरवणार? त्यावर तो म्हणाला होता, अलायन्सची बैठक. आम्ही चाळीस जण, ते पाच हजार.

"तू चंद्र म्हणालास," आमचा सीईओ म्हणाला, "आम्ही कॉड म्हणतो." (कॉड म्हणजे त्यांचा मासा.)

मग मी जरा वाचलं. आईसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत-बाहेर, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. जमीन एक लाख तीन हजार चौरस किलोमीटर, पण २०० सागरी मैलांचं मासेमारी क्षेत्र साडेसात लाखांच्या वर. देशाच्या सातपट समुद्र. आणि हा समुद्र त्यांना कुणी बसल्या जागी दिलेला नाही. १९५८ मध्ये त्यांनी हद्द १२ मैल केली, १९७२ मध्ये ५०, १९७५ मध्ये २००, आणि दर वेळी ब्रिटनने ट्रॉलरांच्या सोबतीला नौदलाच्या फ्रिगेट धाडल्या. आईसलँडला सैन्यच नाही. तटरक्षक दलाच्या मूठभर बोटी पाण्याखालून कातरी ओढत नेऊन ब्रिटिश ट्रॉलरांची जाळी कापायच्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्यांनी ब्रिटनशी राजनैतिक संबंधच तोडले, केफ्लाविकच्या नाटो तळाचं काय होणार अशी भीती सगळ्यांना पडली आणि जूनमध्ये ब्रिटन मागे हटलं. हे सगळं दोन नाटो देशांमध्ये चाललेलं, बरं का.

गेमच्या भाषेत सांगायचं तर आईसलँड सगळ्यांना 'ब्लू' आहे. म्हणजे आपण एकमेकांवर गोळी झाडत नाही, एकमेकांच्या बाजारात विकतो-घेतो. पण ब्लू असणं वेगळं आणि अलायन्सचं नाव लावणं वेगळं. संघाच्या सामायिक मत्स्य धोरणात किती मासळी काढायची हे मंत्र्यांच्या परिषदेत बहुमताने ठरतं. पंचावन्न टक्के देश आणि पासष्ट टक्के लोकसंख्या असा तिथला हिशोब. पंचेचाळीस कोटींच्या संघात चार लाख माणसं, हजारात एकसुद्धा भरत नाहीत.

मला तरी हे पटलं. ज्या एका गोष्टीवर आपलं पोट आहे तिची किल्ली बैठकीत ठेवायची नाही, बाकी सगळं वाटून घेऊ. यात युरोपद्वेष कुठे आहे? तुमचं काय मत?

टवाळ_तात्या

पहिला! धागा नंतर वाचतो. गेममधलं चलन आयएसके आणि आईसलँडच्या क्रोनाचा कोडही आयएसके, हे खरं आहे ना? मग २००८ मध्ये नक्की कुठल्या आयएसकेची बँक बुडाली होती?

लोसेकचा_पुणेकर

तात्या, दोन्हीकडच्या. तिकडे ऑक्टोबर २००८ मध्ये एका आठवड्यात तीन मोठ्या बँका कोसळल्या. गेममध्ये २००९ ला ईबँक नावाच्या खेळाडूंच्या बँकेच्या मुख्य माणसानेच ठेवी काढून खऱ्या पैशांत विकून टाकल्या. आमचा सीईओ म्हणतो, गेमवाला निदान कबूल तरी झाला.

फ्रँकफुर्टवाली

लेख रंजक आहे, पण उपमा ऐकायला गोड लागली म्हणून बरोबर होत नाही. मी सोळा वर्षं संघात राहतेय आणि तुमच्या गेममधल्या अलायन्सशी त्याचं काहीही साम्य मला दिसत नाही.

माझा भाऊ हाच गेम खेळायचा, म्हणून थोडं माहीत आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये बँड ऑफ ब्रदर्स ही त्या काळातली सगळ्यात दांडगी अलायन्स एका रात्रीत नाहीशी झाली. कशी? तिचा एक संचालक शत्रूला फितूर झाला आणि त्याने एक बटण दाबलं. बरखास्त. हजारो माणसांनी वर्षानुवर्षं मिळवलेला प्रदेश गेला. अशा जगात 'बैठकीवर विश्वास ठेवू नका' हे शहाणपणच आहे, कारण तिथे करार नावाची गोष्टच नसते. दिलेला शब्द मोडला तर दाद कुठे मागणार? युरोपियन संघात लेखी करार आहेत, लक्झेंबर्गला न्यायालय आहे, करविषयक आणि परराष्ट्र धोरणाच्या बाबींत प्रत्येक देशाला नकाराधिकार आहे. लोकसंख्येच्या हिशोबाने ज्याला जेमतेम एक जागा मिळावी अशा माल्टाला संसदेत सहा खासदार मिळतात. आणि बाहेर पडायचं तर कलम ५० आहे. ब्रिटन पडलंच ना बाहेर? ग्रीनलँड तर त्याच्याही आधी, १९८२ च्या सार्वमतानंतर १९८५ मध्ये बाहेर पडलं, तेसुद्धा मासळीवरूनच. कुणी त्यांच्यावर टायटन (गेममधलं सगळ्यात मोठं लढाऊ जहाज) घेऊन चालून गेलं नाही.

तुमच्या मित्राने तुम्हाला सार्वभौमत्व शिकवलं नाही. फक्त संशय शिकवला.

लोसेकचा_पुणेकर

ताई, बटणवाला मुद्दा मान्य. संघ एका माणसाच्या बटणावर नाही.

पण बाहेर पडण्याचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. ब्रिटनला २०१६ च्या मतानंतर बाहेर यायला साडेतीन वर्षं लागली आणि बाहेर आल्यावरही शेवटपर्यंत कशावर अडलं होतं? मासळीवर. त्यांच्या अर्थव्यवस्थेत मासेमारीचा वाटा नगण्य असूनही. आत असताना काय झालं तेही बघा. स्पॅनिश कंपन्यांनी ब्रिटनमध्ये बोटी नोंदवून ब्रिटनच्या वाट्याची मासळी काढायला सुरुवात केली. ब्रिटिश संसदेने १९८८ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. तुमच्या त्याच लक्झेंबर्गच्या न्यायालयाने तो युरोपीय कायद्याविरुद्ध ठरवला. फॅक्टरटेम खटला. करार होता, न्यायालय होतं, सगळं रीतसर झालं आणि मासळी गेली. आज आईसलँडमध्ये परदेशी कंपनीला मासेमारी कंपनीत थेट मालकी घेता येत नाही. आत गेल्यावर ही तरतूद किती दिवस टिकेल?

संशय नाही हो, अनुभव. तोही दुसऱ्याचा, म्हणजे फुकटातला.

जुना_पायलट

मी २००६ ते २०१५ खेळलोय, नलसेकमध्ये (गेममधला बिनपोलिसांचा, खेळाडूंच्याच ताब्यातला भाग). धागाकर्त्याने उपमा बरोबर घेतली पण खुंटी चुकीच्या जागी ठोकली.

आईसलँड 'ब्लू' नाही. आईसलँड रेंटर आहे.

ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी: मोठ्या अलायन्स आपल्या प्रदेशातल्या पडीक जागा छोट्या कॉर्पना भाड्याने देतात. भाडं भरायचं, नियम त्यांचे पाळायचे, आणि फोरमवर नियम ठरवायच्या धाग्यात तुम्हाला लिहायची परवानगी नाही. युरोपियन आर्थिक क्षेत्राचा करार म्हणजे तंतोतंत हेच. ब्रुसेल्समध्ये सामायिक बाजाराचा नियम होतो, तो आईसलँड, नॉर्वे आणि लिक्टेनस्टाइन आपापल्या कायद्यात घेतात. मतदानाला त्यांच्यापैकी कुणी नसतं. वर संघातल्या गरीब भागांसाठी वर्गणी भरतात ती वेगळी. नॉर्वेत याला फॅक्सची लोकशाही म्हणायचे, कारण कायदे फॅक्सने येतात. आता ईमेलने येत असतील.

तेव्हा 'किल्ली आपल्या हातात ठेवायची' हे वाक्य म्हणायला छान आहे. घराच्या दहापैकी नऊ खोल्यांच्या किल्ल्या त्यांनी आधीच देऊन टाकल्यात. त्या खोल्यांत काय ठेवायचं हे सांगायचा हक्कसुद्धा मागितला नाही. आत गेले तर निदान बैठकीत खुर्ची तरी मिळेल. आमच्या वेळी शहाणे रेंटर दोन-तीन वर्षांत पूर्ण सदस्य व्हायचे. जे व्हायचे नाहीत ते एक दिवस सकाळी उठून बघायचे तर घरमालक बदललेला असायचा.

टवाळ_तात्या

जुना_पायलट यांना +१. "किल्ली आपल्या हातात" वाल्यांनी डिपॉझिट किती भरलंय तेही विचारा.

लोसेकचा_पुणेकर

पायलटसाहेब, रेंटरची उपमा माझ्यापेक्षा चांगली आहे, मुकाट्याने घेतो.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हा असा भाडेकरू आहे ज्याच्या भाडेकरारात चंद्र वगळलाय. त्या आर्थिक क्षेत्राच्या करारात सामायिक मत्स्य धोरण आणि शेती धोरण येतच नाही. नियम पाळतात ते डब्यावरच्या लेबलचे, औषधांचे, बँकांचे. त्यात मत नाही याचं वाईट वाटत असेलही, पण औषधाच्या लेबलवर कुणी फ्रिगेट पाठवत नाही. ज्यावर भांडायचं तेवढं भांडून ठेवलं, बाकीचं सोडलं. हा मूर्खपणा आहे की उत्तम सौदा, हे तुम्ही नलसेकवाल्यांनीच सांगावं.

शिवाय २०१० च्या सुमारास मॅकरेल (आपल्या बांगड्याचा भाऊबंद) पाणी तापल्यामुळे आईसलँडच्या हद्दीत यायला लागला. यांनी स्वतःचा कोटा स्वतः ठरवला आणि धरायला सुरुवात केली. संघ आणि नॉर्वे संतापले, बंदीची भाषा झाली. आत असते तर तो कोटा ठरवता आला असता का?

गाबीत_आजोळ

चंद्र-बिंद्र होवंदेत, आता माशांवर येवया.

माझं आजोळ मालवणचं. मामा पातीवाला (पात म्हणजे लहान होडी), आजोबा रापणीला (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं). समुद्र कुणाचा हा प्रश्न आमच्याकडे गेममध्ये येत नाही, रोज पहाटे येतो. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याची हद्द, त्यापुढे केंद्राची. कायद्यात ही रेघ स्वच्छ आहे. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर रात्री दहा-बारा वावात (किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात) शिरतात आणि मामांची जाळी फाडून जातात तेव्हा पाण्यावर रेघ दिसत नाही. म्हणून कातरी ओढणाऱ्या त्या बोटींची गोष्ट वाचून मला पहिल्यांदा आनंदच झाला. आमच्याकडे असं काही केलं तर गुन्हे पात्यांवरच दाखल होतात.

पण धागाकर्त्याला एक विचारतो. तुम्ही सारखं "आम्ही", "आपला समुद्र", "देशाची किल्ली" म्हणताय. आईसलँडमध्ये आज ती मासळी काढतं कोण? तिथे १९८४ पासून कोटा पद्धत आहे. आधीच्या वर्षांत ज्याने जेवढी मासळी काढली त्या हिशोबाने बोटीच्या मालकांना कोटे वाटले, फुकट. मग १९९० च्या कायद्याने कोटा मोकळेपणाने विकता, भाड्याने देता येऊ लागला. झालं, लहान गावांतल्या बोटवाल्यांनी विकला, मोठ्या कंपन्यांनी घेतला. गावात धक्का आहे, बर्फाचा कारखाना आहे, समोर समुद्र आहे आणि मासळी धरायचा हक्क दुसऱ्या शहरातल्या कंपनीच्या कपाटात. तिथले लोकच त्यांना कोट्याचे राजे म्हणतात. संघाला विरोध करण्यात सगळ्यात पुढे कोण असतं? हेच. त्यांना ब्रुसेल्सची भीती आहे ती देशासाठी की कपाटासाठी?

ज्याची जाळी फाटतात त्याला फाडणारा कर्नाटकातल्या मलपीचा, मुंबईचा की स्पेनचा याने काय फरक पडतो?

लोसेकचा_पुणेकर

गाबीत_आजोळ, याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही. मित्राला विचारून सांगतो. एवढंच म्हणेन की कोट्याच्या राजांवरचा कर वाढवायचा की नाही हे तिथली संसद ठरवू शकते, आणि त्यावर तिथे निवडणुका लढवल्या जातात. किल्ली चुकीच्या माणसाकडे आहे, पण घरातल्या माणसाकडे आहे.

मांडवीकाठ

गोव्याहून नमस्कार. महाराष्ट्रातल्या वाचकांना हा विषय युरोपातला वाटतोय म्हणून एक आठवण करून देतो. १६ जानेवारी १९६७. गोवा, दमण, दीव महाराष्ट्र-गुजरातेत विलीन व्हावेत की केंद्रशासित राहावेत यावर आमच्याकडे जनमत कौल झाला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांनी आम्ही तुम्हाला 'नको' म्हटलं.

आणि माझे वडील (पक्के मराठी शाळेतले, घरात केसरी यायचा) त्यांनीही पानांनाच मत दिलं. महाराष्ट्राचा द्वेष नव्हता. त्यांचं म्हणणं एकच, मुंबईच्या विधानसभेत आमचे आमदार असणार किती, आणि त्यांचं कोण ऐकणार? आमचा सीईओ आम्हालाच निवडू दे. त्यांना गेम माहीत नव्हता, हिशोब माहीत होता.

सह्यकड्यावरून

मांडवीकाठ, हिशोब एवढा सरळ नव्हता हो. विलीनीकरणाच्या बाजूने बोलणारा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष १९६३ मध्ये निवडून आला होता आणि कौल हरल्यावर दोन महिन्यांत झालेल्या निवडणुकीत परत तोच निवडून आला, भाऊसाहेब बांदोडकर परत मुख्यमंत्री. म्हणजे त्याच मतदारांनी विलीनीकरण नाकारलं आणि विलीनीकरणवाल्यांना खुर्ची दिली. भाषेचा वाद होता, धर्माचा होता, कुळांच्या जमिनीचा होता. त्याला 'आमदार किती मिळणार' एवढ्यावर आणून ठेवणं म्हणजे धागाकर्त्याने आईसलँडचं केलं तेच.

शिवाय गोवा देशातच होता. इकडे गेला असता किंवा तिकडे राहिला असता, सैन्य, चलन, सर्वोच्च न्यायालय एकच. आईसलँडची तुलना त्याच्याशी करता येत नाही.

मांडवीकाठ

विलीनीकरण नाकारून विलीनीकरणवाल्याला निवडून दिला, यात विसंगती तुम्हाला दिसते. आम्हाला नाही दिसत. माणूस आवडला, अट आवडली नाही. :)

फ्रँकफुर्टवाली

मासळीवर सगळे इतके रमलेत की घरकर्जाचं कुणी बोलतच नाहीये. माझी एक मैत्रीण रेकयाविकला राहते, तिच्याकडून ऐकलेलं सांगते.

आईसलँडमध्ये घरकर्जाचा एक प्रकार आहे, महागाईशी बांधलेलं कर्ज. व्याज कमी दिसतं, पण महागाई वाढली की मुद्दल वाढतं. हो, मुद्दल. दर महिन्याला हप्ता भरताय आणि वर्षअखेरीस देणं आधीपेक्षा जास्त. दुसरा प्रकार घेतला तर व्याज डोक्यावरून जातं. ऑगस्ट २०२३ ते ऑक्टोबर २०२४ तिथल्या मध्यवर्ती बँकेचा दर सव्वानऊ टक्के होता. त्याच काळात युरोवाल्या बँकेचा ठेवींवरचा दर चार टक्क्यांच्या वर गेला नाही. चार लाख लोकांसाठी स्वतंत्र चलन चालवायचं म्हणजे हे होणारच. २००८ नंतर क्रोना बाहेर नेण्यावर निर्बंध घातले ते सुटायला २०१७ उजाडलं.

तुमचा सीईओ कॉडबद्दल बोलतो. कॉड जेवायला चांगला आहे, पण हप्ता दर महिन्याला क्रोनातच भरावा लागतो.

आणि मत्स्य धोरणाचंही ऐका. संघात कोटा वाटतात तो मागच्या वर्षांतल्या प्रत्यक्ष पकडीवरून. आईसलँडच्या पाण्यात १९७६ नंतर दुसरं कुणी फारसं मासे धरतच नाही, त्यामुळे याच सूत्राने जवळजवळ सगळा वाटा त्यांचाच येतो. माल्टाने आत येताना २५ मैलांचा पट्टा वेगळ्या व्यवस्थेखाली ठेवून घेतला. म्हणजे वाटाघाटीत काहीतरी मिळतं. पण त्यासाठी बोलावं लागतं! आईसलँडने जुलै २००९ मध्ये अर्ज केला, संसदेत ३३ विरुद्ध २८ मतांनी. वाटाघाटीच्या ३५ पैकी २७ प्रकरणं उघडली, ११ तात्पुरती मिटलीसुद्धा. मासळीचं प्रकरण उघडलंच नाही. २०१३ मध्ये सरकार बदललं, बोलणी थांबवली आणि मार्च २०१५ मध्ये परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेला न विचारता पत्र पाठवून कळवलं की आम्हाला उमेदवार समजू नका. सार्वभौमत्व म्हणे! अटी वाचायच्या आधीच वही मिटली, तीही लोकांना न विचारता.

लोसेकचा_पुणेकर

ताई, पत्राबद्दल शंभर टक्के सहमत. रेकयाविकला त्यावरून मोर्चे निघाले होते.

पण २००९ चा अर्जही काय मनःस्थितीत केला ते बघा. बँका बुडालेल्या, घाबरलेले. आणि त्याच वेळी ब्रिटनने एका आईसलँडी बँकेची मालमत्ता गोठवायला दहशतवादविरोधी कायदा वापरला होता. नाटोतल्या सोबत्यावर! मग आइससेव्हच्या (त्याच बँकेची परदेशातली ऑनलाइन बचत खाती) ठेवींचे पैसे आईसलँडच्या करदात्यांनी द्यावेत यावर दोन सार्वमतं झाली, २०१० ला ९३ टक्के 'नाही', २०११ ला साठच्या आसपास 'नाही'. २०१३ मध्ये एफ्ताच्या (संघाबाहेरच्या आईसलँड-नॉर्वे वगैरे देशांच्या गटाच्या) न्यायालयाने आईसलँडच्या बाजूने निकाल दिला. त्या खटल्यात युरोपियन आयोग विरुद्ध बाजूला उभा होता. घाबरून दारापाशी गेलेल्या माणसाला दारातच असं भेटल्यावर तो परत फिरला, तर मला आश्चर्य वाटत नाही. क्रोना घसरला म्हणूनच निर्यात आणि पर्यटन सावरलं असंही बरेच म्हणतात. युरोवाल्या ग्रीसकडे ती सोय नव्हती.

महागाईशी बांधलेल्या कर्जाचं मात्र मला खरंच माहीत नव्हतं. विचारतो.

जुना_पायलट

एक भर. २७ जानेवारी २०१४, बी-आर५आरबी नावाची ताऱ्याची प्रणाली. अख्ख्या नलसेकचं तोवरचं सगळ्यात महागडं युद्ध. ७५ टायटन जळाले. सुरू कशावरून झालं? त्या प्रणालीच्या हक्काचं बिल वेळेवर भरलं गेलं नाही. स्वतंत्र राहायला धैर्य लागतं ते ठीक आहे, पण त्याआधी बिल भरणारा कारकून लागतो. चार लाखांच्या देशात असे कारकून किती, हा प्रश्न मला कॉडपेक्षा मोठा वाटतो.

टवाळ_तात्या

आणि ज्या गेमवरून सार्वभौमत्वाचे धडे चाललेत तिची कंपनी २०१८ मध्ये कोरियन कंपनीने विकत घेतली. गेमचा सर्व्हर कित्येक वर्षं लंडनला. ज्यांची जाळी कापली त्यांच्याच गावात विश्व ठेवून आलेत. मी आता झोपतो.

लोसेकचा_पुणेकर

काल रात्री सीईओला दोन्ही प्रश्न विचारले. त्याने खणणं थांबवून उत्तरं दिली, म्हणजे प्रश्न लागले असावेत.

गाबीत_आजोळ यांचा प्रश्न: त्याच्या काकांची बोट होती. नव्वदच्या दशकात कोटा विकला. घेणारी कंपनी बेटाबाहेरची. काकांनी त्या पैशात रेकयाविकला फ्लॅट घेतला आणि बोट मोडीत गेली. "कोट्याच्या राजांना मी तुमच्या त्या मित्राहून जास्त शिव्या घालतो," असं म्हणाला. "पण त्यांना मी पुढच्या निवडणुकीत धरू शकतो."

मी विचारलं, धरलं का कधी? तो हसला.

फ्रँकफुर्टवाली यांचा प्रश्न: त्याचं घरकर्ज महागाईशी बांधलेलंच आहे. २०१९ मध्ये घेतलं. आज देणं किती आहे ते त्याने आकड्यात सांगितलं नाही, "मी हप्ते भरतोय ते कुणाचे हे मलाही कळत नाही" एवढंच म्हणाला. त्याची बायको युरोच्या बाजूची आहे आणि त्यांच्या घरात या विषयावर जेवताना बोलायचं नाही असा नियम आहे.

मग मी विचारलं, डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या सरकारने म्हटलं होतं की बोलणी पुन्हा सुरू करायची का यावर २०२७ संपायच्या आत सार्वमत घेऊ. तू काय मत देणार? मला 'नाही' ऐकायची खात्री होती.

"बोलणी करायला हो," तो म्हणाला. "मला ते मासळीचं प्रकरण एकदा उघडलेलं बघायचंय. आत जायला नाही."

मी म्हटलं, मग मागच्या वर्षी अलायन्सशी आपण बोललोसुद्धा नाही, सरळ नकार कळवला, ते?

"ते चुकलंच," म्हणाला. "तू फार घाई केलीस."

फ्रँकफुर्टवाली

त्याच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

गाबीत_आजोळ

काकांची बोट मोडीत गेली हे वाचून मामांची आठवण झाली. त्यांची अजून पाण्यात आहे, मात्र त्यांचा मुलगा पर्यटकांना स्कूबाला नेतो. बाकी चालू द्या.

सह्यकड्यावरून

अवांतर: गेम कसा सुरू करायचा? तुमच्या कॉर्पमध्ये नवशिक्यांना घेता का?

लोसेकचा_पुणेकर

घेतो की. फुकट सुरू करता येतो. कॉर्पचा कर दहा टक्के, चंद्रावर सगळ्यांना सारखा हक्क, शनिवारी रात्री हजेरी.

सह्यकड्यावरून

आधी सगळ्या अटी लेखी पाठवा. शनिवारचं तर आत्ताच सांगतो, जमणार नाही.